कर्णवालुकांची निर्मिती

कर्णवालुका हे पृष्ठवंशीय प्राण्यांच्या अंतर्कर्णात आढळणारे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक होत. त्यांना ओटोकोनिया असेही म्हणतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि शरीराची सरळ रेषेतील हालचाल यांची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा असतो. सस्तन प्राण्यांत हे स्फटिक गर्भावस्थेत तयार होऊ लागतात आणि त्यांची घडण जन्मापूर्वी किंवा जन्मानंतरच्या अल्प काळात पूर्ण होते. पुढे आयुष्यभर मुख्यतः त्याच साठ्यावर शरीराचा तोल अवलंबून असतो.

या स्फटिकांच्या निर्मितीत एक मूलभूत अडचण आहे. ज्या द्रवात ते तयार होतात, त्यात कॅल्शियमचे प्रमाण फार कमी असते. तेवढ्या कॅल्शियमपासून असे स्फटिक आपोआप जमू शकत नाहीत. त्यामुळे कर्णवालुकांची निर्मिती ही साधी रासायनिक घटना नसून, पेशींनी ठरावीक जागी आणि ठरावीक काळात घडवून आणलेली प्रक्रिया आहे. या प्रक्रियेतील एखादा दुवा निखळला, तर स्फटिक तयारच होत नाहीत किंवा ते बेढब होतात, आणि प्राण्याला जन्मतःच तोल सांभाळता येत नाही.

परिभाषा

ओटोकोनिया ही संज्ञा कान आणि धूळ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनली आहे. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या कानात असे हजारो सुटे कण असतात. त्यांना कर्णवालुका म्हणतात. बहुतेक अस्थिमत्स्यांत मात्र प्रत्येक पिशवीत एकच मोठा खडा असतो. त्याला कर्णाश्म किंवा ओटोलिथ असे नाव आहे. दोहोंचे कार्य सारखेच असून त्यांच्या निर्मितीची मूलतत्त्वेही बरीचशी समान आहेत.

स्थान आणि कार्य

अंतर्कर्णात ध्वनिज्ञानासाठी शंखाकृती नलिका असते, तर तोल सांभाळण्यासाठी तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. यांपैकी मोठ्या पिशवीस युट्रिकल आणि लहान पिशवीस सॅक्युल म्हणतात. प्रत्येक पिशवीच्या भिंतीवर रोमपेशींचा एक पट्टा असतो. त्याला मॅक्युला अशी संज्ञा आहे. मनुष्य ताठ उभा असताना युट्रिकलचा मॅक्युला साधारणपणे आडवा, तर सॅक्युलचा उभा असतो. त्यामुळे दोन्ही मिळून सर्व दिशांच्या हालचालींची नोंद घेऊ शकतात.

रोमपेशींच्या माथ्यावरील सूक्ष्म रोमांवर एक लिबलिबीत पटल पसरलेले असते आणि त्या पटलावर कर्णवालुकांचा थर असतो. स्फटिकांची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट असते. डोके एका बाजूस कलले, की हा जड थर किंचित घसरतो व त्याखालील रोम वाकतात. रोम वाकल्यामुळे पेशीतील आयनवाहिन्यांची उघडझाप बदलते आणि चेतातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो. वाहन अचानक सुरू झाल्यास किंवा उद्‌वाहक वर जाऊ लागल्यास डोळे मिटलेले असूनही त्याची जाणीव होते, ती याच यंत्रणेमुळे.

अर्धवर्तुळाकार नलिकांत कर्णवालुका नसतात. तेथील लिबलिबीत पडद्याची घनता सभोवतालच्या द्रवाइतकीच असते. म्हणून या नलिका डोक्याच्या वळण्याची नोंद घेतात, पण गुरुत्वाकर्षणाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. हा फरक पुढे वर्णिलेल्या भोवळीच्या विकारात महत्त्वाचा ठरतो.

स्फटिकांची रचना

मानवी कर्णवालुका बहुधा ३ ते ३० मायक्रोमीटर लांब असतात. म्हणजेच सर्वांत मोठा कणही केसाच्या जाडीहून लहान असतो. प्रत्येक कण मध्यभागी पिंपासारखा गोलसर असून त्याच्या दोन्ही टोकांस तीन-तीन सपाट पैलू असतात. कॅल्शियम कार्बोनेटची कॅल्साइट, अ‍ॅरागोनाइट आणि व्हॅटेराइट अशी तीन स्फटिकरूपे निसर्गात आढळतात. सस्तन प्राणी व पक्षी यांच्या कर्णवालुका त्यांतील सर्वांत स्थिर अशा कॅल्साइटच्या असतात.

खडकात आढळणारे कॅल्साइट आणि कर्णवालुका यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कर्णवालुकेच्या आत प्रथिनांचे बारीक जाळे असते आणि हे जाळे गाभ्यात अधिक दाट असते. आम्लाच्या साहाय्याने खनिज विरघळविले, तरी मूळ कणाच्या आकाराचा सेंद्रिय सांगाडा मागे उरतो. स्फटिकाला त्याचा विशिष्ट आकार मिळतो, तो या सांगाड्यामुळे.

भ्रूणावस्थेतील निर्मिती

कर्णपुटिका

मानवी भ्रूणात तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डोक्याच्या दोन्ही बाजूंस बाह्यस्तराचा एकेक भाग जाड होतो. तो आत दबून चौथ्या आठवड्यात मिटतो आणि द्रवाने भरलेली एक बंद पुटिका तयार होते. या कर्णपुटिकेपासूनच पुढे शंखाकृती नलिका, अर्धवर्तुळाकार नलिका, युट्रिकल आणि सॅक्युल हे सर्व भाग घडतात. मानवी गर्भात स्फटिक जमण्यास पहिल्या तिमाहीतच प्रारंभ होतो.

उंदरात हा कालक्रम अधिक बारकाईने अभ्यासला गेला आहे. उंदराचा गर्भकाळ सुमारे १९ ते २० दिवसांचा असतो. त्यात साडेनवव्या दिवसाच्या सुमारास कर्णपुटिका दिसते, साडेचौदाव्या दिवसाच्या सुमारास स्फटिकांची पहिली बीजे आढळतात आणि पिलू जन्मल्यानंतर सुमारे सात दिवसांत कर्णवालुका पूर्ण आकाराच्या होतात.

कॅल्शियमची अडचण

अंतर्कर्णाच्या पिशव्यांतील द्रवाला अंतर्लसीका म्हणतात. शरीरातील पेशींबाहेरच्या इतर द्रवांहून ती वेगळी असते. तिच्यात पोटॅशियम पुष्कळ, तर सोडियम व कॅल्शियम कमी असते. रक्तात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे १.२ मिलिमोल असते. युट्रिकलमधील अंतर्लसीकेत ते साधारण ०.२ ते ०.३ मिलिमोल एवढेच भरते. शंखाकृती नलिकेत तर ते याहूनही पुष्कळ कमी असते. रोमपेशींचे कार्य नीट चालण्यासाठी कॅल्शियमचे हे कमी प्रमाण आवश्यक असते, परंतु स्फटिकांच्या जडणघडणीस तेच अडसर ठरते.

खडीसाखर तयार करताना दाट पाकात दोरा सोडतात आणि त्या दोऱ्यावर स्फटिक जमतात. तेथे पाक मुळातच अतिसंपृक्त असतो. दोरा केवळ आधार देतो. अंतर्कर्णात आधार देणाऱ्या जाळ्याला आणखी एक काम करावे लागते. विरळ द्रवातून कॅल्शियम ओढून घेऊन ते एका जागी साठविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते.

प्रथिनांचे आधारजाल

सस्तन प्राण्यांत या जाळ्याचा मुख्य घटक म्हणजे ओटोकोनिन-९० हे प्रथिन होय. कर्णवालुकांतील विद्राव्य प्रथिनांत त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्याची रचना फॉस्फोलिपेज ए-२ या कुलातील विकरांशी मिळतीजुळती आहे. मात्र त्याच्यात त्या विकरांची क्रियाशीलता नाही. उत्क्रांतीच्या ओघात विकराचा एक जुना साचा वेगळ्याच कामासाठी वापरला गेल्याचे हे उदाहरण मानले जाते. या प्रथिनावर ऋण विद्युत्‌भार असल्याने धनभारित कॅल्शियम आयन त्याकडे खेचले जातात.

दुसरा महत्त्वाचा घटक ओटोलिन-१ हा आहे. तो कोलॅजनसारखा तंतुमय असून जाळ्याला ताणा-बाणा पुरवितो. ओटोकोनिन-९० त्याला जागेवर आणते आणि दोहोंच्या संयोगाने कॅल्साइटच्या बीजनिर्मितीस पोषक असे जाळे बनते. ज्या उंदरांत ओटोकोनिन-९० चे जनुक निष्क्रिय केले गेले, त्यांच्या कानात नेहमीच्या हजारो कणांऐवजी बेढब आकाराचे मोजकेच मोठे स्फटिक आढळले. यावरून हे प्रथिन स्फटिकांच्या संख्येवर व आकारावरही नियंत्रण ठेवते, हे सिद्ध झाले.

याखेरीज ओटोगेलिन, ओटोअँकोरिन आणि टेक्टोरिन ही प्रथिने लिबलिबीत पटल घडविण्यास व ते रोमपेशींच्या थराशी जोडून ठेवण्यास उपयोगी पडतात.

आयनांचा पुरवठा

कॅल्शियम कार्बोनेट तयार होण्यासाठी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हे दोन्ही आयन लागतात. पेशींच्या पटलावरील कॅल्शियम पंप पेशीतील कॅल्शियम अंतर्लसीकेत सोडतात. या पंपाच्या जनुकात दोष असलेले उंदीर बहिरे असतात, डुलत चालतात आणि त्यांच्या कानात कर्णवालुका नसतात. बायकार्बोनेटचा पुरवठा कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर आणि पेंड्रिन हे वाहक प्रथिन यांच्यामार्फत होतो.

कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचा संयोग होताना हायड्रोजन आयन मुक्त होतात. ते तेथेच साचल्यास द्रव आम्लधर्मी होतो आणि नुकतेच जमलेले खनिज पुन्हा विरघळू लागते. म्हणून आम्लतेचे नियमन हा या प्रक्रियेचा अविभाज्य भाग आहे. पेंड्रिनचा अभाव असलेल्या उंदरांत अंतर्लसीका आम्लधर्मी होते आणि सामान्य कर्णवालुकांच्या जागी थोडे पण प्रचंड आकाराचे स्फटिक दिसतात. मानवात याच प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे पेंड्रेड लक्षणसमूह हा आनुवंशिक बहिरेपणाचा विकार उद्भवतो.

बीजनिर्मिती, वाढ आणि समाप्ती

पेशींनी स्रवलेली प्रथिने व सूक्ष्म पुटिका मॅक्युलाच्या पृष्ठभागाजवळ एकत्र येतात. तेथे कॅल्शियम साठून प्रथम बारीक बीजे तयार होतात. त्यांच्याभोवती खनिज आणि प्रथिने यांची भर पडत जाते, कडा स्पष्ट होतात आणि अखेरीस टोकांचे पैलू उमटतात. निर्मिती पूर्ण झाल्यावर आवश्यक प्रथिनांची निर्मिती मंदावते आणि वाढ थांबते. प्रौढ सस्तन प्राण्यांत झिजलेल्या स्फटिकांची जागा घेण्याइतके नवे स्फटिक तयार होत असल्याचा ठोस पुरावा उपलब्ध नाही.

उत्परिवर्ती उंदरांवरील संशोधन

कर्णवालुकांविषयीचे बरेचसे ज्ञान डोके वाकडे धरणाऱ्या उंदरांच्या अभ्यासातून मिळाले आहे. अशा उंदरांना पाण्यात सोडले, तर त्यांना वर-खाली यांतील फरक कळत नाही. ते पाण्याखाली गरगरत राहतात आणि त्यांना वेळीच बाहेर काढावे लागते. अशाच एका वाणाला पोर्तुगीज भाषेत ‘पाणबुड्या’ या अर्थाचे मेर्गुल्याडोर हे नाव मिळाले. टिल्टेड या दुसऱ्या वाणात आणि मेर्गुल्याडोरमध्ये एकाच जनुकात दोष असल्याचे २००३ मध्ये स्पष्ट झाले. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला ओटोपेट्रिन-१ असे नाव देण्यात आले. हे प्रथिन हायड्रोजन आयन वाहून नेणारी वाहिनी असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. जिभेवर आंबट चव ओळखण्याच्या कार्यातही त्याचा सहभाग असतो.

हेड टिल्ट नावाच्या वाणात नॉक्स-३ या विकराचे जनुक सदोष असते. हे विकर ऑक्सिजनचे क्रियाशील रूप तयार करते. त्याच्या अभावी कर्णवालुका मुळीच बनत नाहीत. उंदीर एरवी धडधाकट असतो व त्याला ऐकूही येते, परंतु त्याचा तोल राहत नाही.

मँगेनीज आणि गर्भवतीचा आहार

कर्णवालुकांच्या निर्मितीत आनुवंशिकतेइतकेच आहारालाही महत्त्व असू शकते, हे मँगेनीजवरील प्रयोगांनी दाखवून दिले. गर्भवती मादीच्या आहारात मँगेनीज नसेल, तर जनुकीय दोष नसलेल्या उंदरांचीही काही पिले वाकड्या मानेची व तोल नसलेली जन्मतात आणि त्यांच्या कानात कर्णवालुका अपुऱ्या असतात किंवा नसतातच.

पॅलिड हा फिकट रंगाच्या उंदरांचा वाण आहे. त्यांच्यातील दोष आनुवंशिक असून त्यांच्यातही कर्णवालुका कमी असतात. अर्वे, हर्ले आणि फ्रेझर या संशोधकांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पॅलिड माद्यांना गर्भकाळात भरपूर मँगेनीज दिले. त्यांच्या पिलांचा रंग फिकटच राहिला, परंतु कर्णवालुका नेहमीप्रमाणे तयार झाल्या. जनुक तसेच असूनही त्याचा एक परिणाम आहाराने टळला, म्हणून हा प्रयोग आनुवंशिकीच्या दृष्टीनेही उल्लेखनीय ठरला. मँगेनीज हे आधारजालातील शर्करायुक्त प्रथिने बनविणाऱ्या विकरांना लागते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा उपाय निर्मितीच्या काळातच लागू पडतो. ती मुदत उलटल्यानंतर दिलेल्या मँगेनीजचा उपयोग होत नाही. हे निष्कर्ष प्राण्यांपुरते असून त्यावरून मानवी गर्भवतीने मँगेनीजचे पूरक सेवन करावे, असा अर्थ निघत नाही.

इतर प्राण्यांत

झेब्रा माशाचा भ्रूण पारदर्शक असल्यामुळे त्याच्या कानातील खडा तयार होताना जिवंतपणी पाहता येतो. अंडे फलित झाल्यापासून सुमारे १८ तासांनी कर्णपुटिकेत सूक्ष्म कण तरंगू लागतात. पुटिकेच्या दोन टोकांस असलेल्या विशिष्ट पेशी आपल्या लांब रोमांनी हे कण पकडून ठेवतात. त्यांवर थर चढत जाऊन २४ तासांच्या सुमारास प्रत्येक कानात दोन खडे स्पष्ट दिसतात. या माशातील स्टारमेकर या प्रथिनाचे प्रमाण कमी केल्यास खडा गोल न होता तारकेसारखा होतो आणि त्याचे खनिजही अ‍ॅरागोनाइटऐवजी कॅल्साइट बनते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे, कोणते स्फटिकरूप घडावे हेही प्रथिने ठरवितात, हे दिसून आले.

माशांचे कर्णाश्म आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यांवर झाडाच्या खोडाप्रमाणे वलये उमटतात. १९७१ मध्ये जॉर्जो पॅनेला यांनी त्यांतील दैनंदिन वलयांकडे लक्ष वेधले. या वलयांवरून माशाचे वय मोजता येत असल्याने मत्स्यविज्ञानात कर्णाश्मांना मोठे महत्त्व आहे. कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या घोळ व ढोमा या माशांच्या कुलात कर्णाश्म विशेष मोठे असतात. मासा साफ करताना किंवा खाताना डोक्यात सापडणारे पांढरे खडे ते हेच होत.

काही शार्क व पाकट जातींच्या माशांत अंतर्कर्णाची नलिका बाहेर उघडी असते आणि समुद्रातील वाळूचे कण आत शिरून स्फटिकांप्रमाणे उपयोगी पडतात. कोळंबीसारखे काही कवचधारी प्राणीही कात टाकल्यावर आपल्या तोलेंद्रियात वाळूचे नवे कण भरतात.

संशोधनाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पिएर फ्लूराँस यांनी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिकांना इजा केल्यास त्यांच्या हालचाली बिघडतात, असे दाखविले. १८७० च्या दशकात एर्न्स्ट माख आणि योझेफ ब्रॉयर यांनी अंतर्कर्ण हे गतीचे व तोलाचे इंद्रिय असल्याचा सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला. ब्रॉयर यांनी कर्णाश्मांचा संबंध गुरुत्वाकर्षणाच्या जाणिवेशी जोडला.

या विचाराला १८९३ मध्ये आलोइस क्राइड्ल यांच्या प्रयोगाने बळकटी मिळाली. कात टाकलेल्या कोळंबीला त्यांनी वाळूऐवजी लोखंडाचा बारीक कीस दिला. तिने तोच आपल्या इंद्रियात भरून घेतला. त्यानंतर चुंबक जवळ आणताच, जणू गुरुत्वाकर्षणाची दिशाच बदलली आहे अशा रीतीने कोळंबीने आपले शरीर कलते केले.

मानवी आरोग्याशी संबंध

वाढत्या वयात कर्णवालुकांवर खड्डे व भेगा पडतात, त्यांचे तुकडे होतात आणि त्यांची संख्या घटते. सॅक्युलमध्ये ही घट अधिक दिसते. सुटलेले कण अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा पश्च नलिकेत, शिरले तर एरवी गुरुत्वाकर्षणाला दाद न देणारी ती नलिका डोक्याच्या प्रत्येक कलण्याला प्रतिसाद देऊ लागते. अंथरुणावर कूस बदलताना, आडवे होताना किंवा मान वर करताना काही सेकंद सर्व काही गरगर फिरल्याचा भास होतो. या विकाराला स्थितिजन्य भोवळ म्हणतात. तो जीवघेणा नाही, परंतु वृद्धांत तोल जाऊन पडण्याचा व हाड मोडण्याचा धोका त्यामुळे वाढतो. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. डोक्यास मार लागल्यानेही तो उद्भवू शकतो.

रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी रुग्णाला विशिष्ट पद्धतीने आडवे करून डोळ्यांच्या हालचाली तपासण्याची रीत प्रचारात आणली. निदानासाठी ती आजही वापरली जाते. १९६९ मध्ये हॅरल्ड शुकनेक्ट यांनी निखळलेल्या कणांशी या भोवळीचा संबंध जोडला. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारात रुग्णाचे डोके क्रमाक्रमाने वळवून कण नलिकेतून पुन्हा युट्रिकलमध्ये आणले जातात. अनेक रुग्णांना त्यामुळे औषधाविना आराम पडतो. मात्र भोवळीची कारणे अनेक असल्याने हा उपचार निदानानंतर व जाणकाराच्या देखरेखीखाली करणे इष्ट असते.

हा विकार पुनःपुन्हा उद्भवतो, आणि अस्थिक्षय व ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. दक्षिण कोरियात झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना ते कॅल्शियमसह दिल्यावर भोवळीची पुनरावृत्ती कमी झाल्याचे दिसले. तथापि अशा उपायांनी निखळलेल्या स्फटिकांच्या जागी नवे स्फटिक घडत नाहीत. उंदरातील रोमपेशी व आधारपेशी भ्रूणावस्थेत ज्या जनुकांच्या बळावर कर्णवालुका घडवितात, ती जनुके प्रौढपणी पुन्हा कार्यान्वित करता येतील का, हा या क्षेत्रातील संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय आहे.